गोजाबाईच्या खुणा

"आणि खिडकीतून काय दिसत होतं, मॅडम?" सपनानं विचारलं. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी ती मुलाखत घ्यायला आली होती. वही मांडीवर, पेन तयार. हर्षदा महाले जराही न थांबता म्हणाली, "गुलमोहर." सपनानं ते लिहून घेतलं. लिहिताना ती किंचित हसलीही. संगणक, आकडे, प्राध्यापक बाई, असल्या कोरड्या विषयात एक झाड सापडलं म्हणून तिला हायसं वाटलं असावं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं हर्षदाला झालं. कारण त्या खोलीला खिडकीच नव्हती. १९९३ साली कॉलेजची संगणकाची प्रयोगशाळा तळघरात होती. मशीनना धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या, थंडगार फरशीवर अनवाणी चालत आत जायचं, आणि आत ए.सी.ची घरघर नि ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. खिडकी काय, साधा झरोकादेखील नव्हता. मग हा गुलमोहर आला कुठून? "एका संध्याकाळी प्रयोगशाळेत एकटीच बसले होते, पडद्यावरचे कोरे रकाने बघत होते, आणि सुचलं," असं ती आत्ताच सांगून बसली होती. ते ती कित्येक वर्षं सांगत आली होती. परिषदांमध्ये, पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे, कंपनी काढली तेव्हाच्या भाषणात. सांगून सांगून त्या संध्याकाळीला रंग आला होता, वास आला होता, आणि आज झाडसुद्धा उगवलं. फक्त ती संध्याकाळ कधी झालीच नव्हती.

सपना गेली. चहाचे दोन कप टेबलावर तसेच राहिले. समोर निळ्या फायलीत संशोधन केंद्राचा प्रस्ताव होता. आठ दिवसांनी समितीपुढे मांडायचा. केंद्र मंजूर झालं तर हर्षदा त्याची प्रमुख होणार होती. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं, 'मूळ संकल्पना : प्रा. डॉ. हर्षदा महाले.' हे पान तिनं निदान वीस वेळा वाचलं होतं आणि प्रत्येक वेळी काना-मात्रा तपासली होती. आज तिनं ते वाचलं आणि ते तिला दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं वाटलं. खोटं बोललो म्हणून माणसाला लाज वाटते हे तिला ठाऊक होतं. पण आपण खोटं बोलतोय हे आपल्यालाच माहीत नसावं, याला काय म्हणायचं? तिनं डोळे मिटले. तळघरातली ती थंड फरशी तळपायांना आठवली. आणि मग तळपायांनाच दुसरी जमीन आठवली, शेणानं सारवलेली, उन्हानं तापून कडक झालेली. मोखाड्याच्या पुढे, आंबेपाड्यावरच्या अंगणवाडीची.

ती मूळची जव्हारची. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांच्यामुळे शिकली, मुंबईला इंजिनिअर झाली, कॉलेजात शिकवायला लागली. त्र्याण्णव साली पीएच.डी.चा विषय शोधत चाचपडत होती. तेव्हा जव्हार-मोखाड्याचं नाव वर्तमानपत्रांत पुन्हापुन्हा येत होतं, बालकांच्या उपासमारीच्या बातम्यांत. एका संस्थेनं कॉलेजला विचारलं, चाळीस पाड्यांवरच्या मुलांची वजनं संगणकावर घालून देता का? विभागात कुणी उत्साह दाखवला नाही. हर्षदा म्हणाली, मी करते, तो माझाच मुलूख आहे. अंगणवाड्यांच्या रजिस्टरांच्या झेरॉक्स गठ्ठ्यांनी आल्या. तिनं उन्हाळाभर आकडे भरले. ज्या महिन्यात मुलाचं वजन नाही तो रकाना तिनं कोरा सोडला. कोरा म्हणजे नाही, नाही म्हणजे वगळायचं, हिशेब उरलेल्यांचा करायचा. पुस्तकात तसंच होतं. आलेख निघाला तो सुरेख निघाला. दिवाळीनंतर दर महिन्याला वजनांची सरासरी चढत होती. संस्थेची माणसं खूश झाली. अंगणवाडीत सुकडीचा पोषक खाऊ वाटतात तो लागू पडतोय म्हणाली. हर्षदाही खूश झाली. पोरं सुधारताहेत, हे आपल्या मशीननं दाखवलं! तो कागद गुंडाळी करून ती जव्हारला गेली, वडिलांना दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी जीपनं मोखाडा, तिथून पुढे चालत आंबेपाडा. खरं तर जायची काही गरज नव्हती. पण एवढ्या सुबक अक्षरांतलं रजिस्टर ज्या बाईनं ठेवलंय तिला हा कागद दाखवावा, असं तिच्या मनात आलं होतं.

ती बाई म्हणजे गोजाबाई. अंगणवाडीची सेविका. सातवी पास, चाळिशीची, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं. तिनं तो आलेख जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली. हर्षदा तिला समजावून सांगायला लागली, ही रेघ अशी वर जाते म्हणजे…

"समजलं," गोजाबाई म्हणाली. "पण ह्ये खोटं हाय, बाई."

"खोटं कसं? तुमच्याच वहीतले आकडे आहेत."

"आकडं माझं हायेत. पोरां सुधरली नाय. पोरां गेली." तिनं दिवाळीच्या पुढच्या महिन्यांवर बोट ठेवलं. "इटांच्या भट्टीवर. भिवंडी, वसई. ज्याच्या घरात नागली संपली तो पयला जातो, बायको-पोरां घेऊन. सगल्यात हडकुळी पोरां तीच. ती गेली, ऱ्हायली ती जरा बरी. मग तुझी रेघ वर जाणारच. अगोटीला, पावसाच्या तोंडावर, ती माघारी येतील तेव्हा बघ, कशी खाली येते ती."

हर्षदा तिथं बसलीच. गोजाबाईनं मूळ रजिस्टर आणलं आणि कोरे रकाने दाखवले. ते कोरे नव्हतेच. झेरॉक्समध्ये डाग समजून हर्षदानं सोडलेल्या त्या खुणा होत्या. टिंब म्हणजे पोर आईबापांबरोबर भट्टीवर. आडवी रेघ म्हणजे पाड्यातच आहे, पण कुणी आणलं नाही. तापलं असेल, आई रानात असेल. फुली म्हणजे कुठं आहे ठाऊक नाही, शोधायला हवं. "आता नसणं काय एकसारखं असतं का?" गोजाबाई म्हणाली. "घरधनी बाजाराला गेलेला नसतो, तो येगळा. कायमचा गेला, तो येगळा." एवढंच. हर्षदाचा पीएच.डी.चा विषय, तिचे गाजलेले तीन निबंध, त्यावर उभी राहिलेली 'नोंद' ही कंपनी, तिच्यातले साठ इंजिनिअर, दवाखान्यांसाठी बनवलेली ती प्रणाली, हे सगळं त्या दोन-तीन वाक्यांतून निघालं होतं. कोरा रकाना आला की मशीननं त्याला वगळायचं नाही, विचारायचं: का नाही? आणि त्या 'का'ला आकड्याइतकंच वजन द्यायचं. परतताना जीपच्या मागच्या फळकुटावर, कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून तिनं हे पिशवीतल्या बसच्या जुन्या तिकिटामागं लिहून काढलं होतं आणि एवढा आनंद झाला होता की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लगीन ठरलं का गं तुझं?" हे सगळं होतं, आणि हे सगळं ती विसरली होती. गुलमोहर मात्र आठवत होता.

नाव कुणी चोरलं नव्हतं. ते नुसतं झिजत गेलं. पहिल्या निबंधाच्या कच्च्या प्रतीत गोजाबाईचं नाव होतं, पाड्यासकट. तिचे गाईड भले गृहस्थ. ते म्हणाले, परीक्षकांना हे कळणार नाही, 'प्रत्यक्ष क्षेत्रातील निरीक्षण' एवढं लिही. तिनं तसं लिहिलं. दुसऱ्या निबंधात ते 'लेखिकेचं निरीक्षण' झालं, वाक्य आटोपशीर व्हावं म्हणून. तिसऱ्यात तेही गेलं. प्रत्येक पायरीवर कारण होतं, आणि एकही कारण वाईट नव्हतं. दरम्यान लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले, जव्हारचं घर विकलं. त्या वाटेला जाण्याचं निमित्तच उरलं नाही.

तिनं सुदर्शनला बोलावलं. सुदर्शन तिचा जुना विद्यार्थी, आता कंपनीतला भागीदार. प्रस्तावाचं पान न् पान त्यानं बांधलेलं. तिनं सांगितलं ते तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"मॅडम, खरंय ते खरंय," तो शेवटी म्हणाला. "पण आत्ता? आठ दिवसांवर आलंय. समितीत माणसं कशी आहेत तुम्हाला माहीत आहे. मूळ कल्पनाच तुमची नाही असं पहिल्या पानावर लिहिलं, तर ते विचारतील मग तुम्ही काय केलंत? केंद्र दुसरीकडे जाईल. त्या बाईंचा सत्कार करू आपण नंतर. मोठा करू."

"तिला सत्कार नकोय, सुदर्शन."

"तुम्हाला कसं माहीत? बारा वर्षांत भेटला आहात?"

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता, पण ते नेमकं तिथं लागलं. नव्हती भेटली. ती जिवंत आहे का, हेही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एस.टी.नं निघाली. कंपनीची गाडी होती, ती नको वाटली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. जव्हारला बस थांबली तेव्हा ती उतरली नाही. खिडकीतून वडिलांच्या शाळेकडे जाणारा चढ बघितला, एवढंच. मनात भीती होती आणि ती दर वळणाला वेगळी होत होती. गोजाबाई नसेल तर? असेल आणि ओळखणार नाही तर? ओळखेल आणि म्हणेल, आता आलीस का? त्यात सगळ्यात भयंकर कुठलं, हे ती ठरवत होती आणि ठरत नव्हतं. मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, सुकट, प्लास्टिकच्या बादल्या. बायका भट्टीवर न्यायला मीठ-मसाला बांधून घेत होत्या. आंबेपाड्याच्या जीपमध्ये तिनं भीत भीतच विचारलं, तर चालक म्हणाला, "गोजाबाई? ती काय, मागं बसलीय." हर्षदानं वळून पाहिलं. केस पांढरे, डोळ्यांना जाड काचांचा चष्मा, मांडीवर सुकटीची पुडी. आणि गोजाबाईनं तिच्याकडे पाहून अगदी सहज विचारलं, "रेघवाली बाई ना तू? गुरुजींची पोर?"

हर्षदानं मान डोलावली. गोजाबाई सरकली, तिला जागा करून दिली.

सगळं सांगायला दुपार लागली. अंगणवाडीला आता सिमेंटची खोली झाली होती. दोघी तिच्या पायरीवर बसल्या होत्या. हर्षदानं निबंधांचं सांगितलं, कंपनीचं सांगितलं, केंद्राचं सांगितलं, आणि म्हणाली, "हे सगळं तुमच्यामुळं झालं, गोजाबाई. आणि तुमचं नाव मी कुठंच लिहिलं नाही. मी सांगत फिरले की मला सुचलं." गोजाबाई सुकट निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मग त्यानं पोरांचं काय झालं?"

हा प्रश्न कुठल्या परिषदेत कुणी विचारला नव्हता. पण याचं उत्तर हर्षदापाशी होतं, आणि ते खरं होतं, याबद्दल तिला त्या क्षणी जी कृतज्ञता वाटली ती देवळात गेल्यावरही कधी वाटली नव्हती. तिनं सांगितलं, शेजारच्या दोन तालुक्यांत आता मशीन नुसतं 'गैरहजर' लिहूच देत नाही. पोर भट्टीवर गेलं तर कुठल्या, हे विचारतं. ती यादी भट्ट्यांच्या भागात काम करणाऱ्या बायकांना जाते. त्या तिथं जाऊन वजन घेतात. गेल्या वर्षी साडेचारशे पोरं भट्टीवर सापडली.

आता गोजाबाईचे हात थांबले. "भट्टीवर? वजन करतात?" तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "मला कधी कोण बोललाच नाय. मी आपली टिंब काढत बसलेली. वाटायचं, टिंब काढून काय व्हतं, पोर तर गेलं." मग ती हसली. पुढचे दोन दात पडले होते. "बरं केलंस, बाई. लय बरं केलंस."

माफी मागायला आलेल्या माणसाचे कुणी आभार मानले तर त्यानं काय करावं? हर्षदानं काहीतरी करायचं म्हणून पिशवीतून जुन्या रजिस्टरची झेरॉक्स काढली, तिच्या पहिल्या निबंधाचा पाया होती ती पानं. गोजाबाईनं ती डोळ्यांजवळ धरली, आपलंच अक्षर बघून खूश झाली, आणि मग एका ओळीशी थबकली. "हिथं काय धरलंस तू?"

"टिंबं. अकरा मुलं, भट्टीवर गेलेली. जुलै महिना."

"जुलयात कोण भट्टीवर जातं?"

हर्षदानं पानावर वाकून ती ओळ पुन्हा वाचली.

"टिंबाच्या भोवती गोल हाय बघ. छापात दिसत नाय नीट. गोलातलं टिंब येगळं." गोजाबाईनं बोटानं हवेत गोल काढला. "पोर आलेलं. आईनं आणलेलं, पावसातून. मीच नव्हते. माझी पोर रुपी तापलेली, तिला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात आठ दिस ऱ्हायलेली. अकरा पोरां आली नि कुलूप बघून गेली."

"पण हे… हे तुम्हाला कुणी विचारलं होतं लिहायला?"

"कोण विचारणार!"

"वरून कुणी पाहिलं असतं तर? तुम्हालाच बोल लागला असता. मग लिहिलंत कशाला?"

गोजाबाईला हा प्रश्नच कळला नसावा. तिनं हर्षदाकडे जरा नवलानं पाहिलं. "झालं ना तसं," ती म्हणाली.

पायरीवर ऊन होतं. समोरच्या उतारावर कापलेल्या भाताचे सड उभे होते, त्यात दोन बगळे. या अकरा मुलांना हर्षदानं भर पावसात भट्टीवर पाठवलं होतं, आणि बारा वर्षांत जगभरच्या परीक्षकांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. समोरचा माणूस नसणं वेगळं, आणि नोंद घेणारे आपणच नसणं वेगळं. हा रकाना तिच्या कुठल्याच प्रणालीत नव्हता. तो तिच्या स्वतःत तरी कुठं होता?

संध्याकाळच्या आत ती मोखाड्याला जाऊन आली. बाजार उठत होता. एस.टी.डी.च्या काचेच्या खोक्यात उभं राहून तिनं सपनाला फोन लावला.

"सपना, लेख छापायला गेला का?"

"उद्या जाईल, मॅडम. काही चुकलंय का?"

"गुलमोहर नव्हता. खिडकीही नव्हती. आणि ते मला सुचलंच नव्हतं. लिहून घेतेस?"

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "सांगा," सपना म्हणाली. हर्षदानं सांगितलं, गोजाबाईचं पूर्ण नाव, पाडा, तालुका, तिन्ही खुणा आणि चौथी. मग सुदर्शनला फोन केला. तो म्हणाला, "चौथी खूणपण आहे? म्हणजे आपले जुने आकडे चुकलेत." आणि लगेच, त्याच्या नेहमीच्या आवाजात, "अकराच आहेत ना? पुन्हा काढतो मी. पहिलं पान तुम्ही सांगाल तसं."

पुढं झालं ते असं. समितीनं तासभर उलटतपासणी घेतली. एकानं विचारलं की कल्पना अंगणवाडीच्या सेविकेची असेल तर मग आपण काय केलंत. हर्षदा म्हणाली, मी ती मशीनला शिकवली, आणि एक खूण चुकीची शिकवली, तीही आता दुरुस्त करतेय. केंद्र मिळालं, पण मागितलेल्या पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांसाठी, आणि प्रमुखपद तिच्याबरोबर दुसऱ्या एका संस्थेतल्या गृहस्थांकडेही गेलं. सुदर्शन आठवडाभर हिरमुसला होता. दुरुस्तीचा निबंध पुढच्या वर्षी हर्षदा आणि गोजाबाई अशा दोन नावांनी छापून आला. पण हर्षदाला त्या दिवसांतलं काही आठवायचं म्हटलं तर समिती आठवत नाही. आठवते ती त्या फोननंतरची सकाळ.

ती रात्र तिनं गोजाबाईकडेच काढली. सकाळी अंगणवाडीपुढे गर्दी होती. भट्टीचा ट्रक दहाला येणार होता आणि जायच्या आधी प्रत्येक पोराचं वजन करून, आईच्या हाती चिठ्ठी द्यायची असा गोजाबाईचा नेम. खोलीच्या आढ्याला काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी. गोजाबाईला आता काट्यावरच्या बारीक रेघा दिसत नसत. हौशी नावाची मदतनीस आकडा वाचून सांगे आणि गोजाबाई लिही. आज तिनं रजिस्टर हर्षदाच्या हातात दिलं. "तू लिही. मी पोरां धरते." कोंडीची दोन, पुंजाची तीन, नवसूची जुळी. पोरं झोळीत घातली की किंचाळत, काढली की गप्प होत. हर्षदा खाली मान घालून लिहीत होती आणि बऱ्याच वर्षांनी तिला आपला हात आपलाच वाटत होता. दहाच्या आधीच ट्रक आला. चालकानं हॉर्न दिला. पाट्या, भांडी, गोधड्या वर चढायला लागल्या. एक बाई रांगेतून निघून ट्रककडे धावली, पोर कडेवर.

"काशी, मागं फिर!" गोजाबाई ओरडली. "तुझं ऱ्हायलं!"

"गाडी सुटल ना गं!"

पुन्हा हॉर्न. गोजाबाईच्या गुडघ्यांनी तिला उठू दिलं नाही. हर्षदानं रजिस्टर हौशीकडे दिलं, अंगणात उतरली, आणि बेचाळीस वर्षांची प्राध्यापक बाई साडी सावरत ट्रकपुढं जाऊन उभी राहिली. चालकानं मान बाहेर काढली. "बाई, बाजूला व्हा, उशीर होतोय."

"एक पोर राहिलंय," ती म्हणाली. "वजन झालं की जा."

तो कुरकुरला, पण त्यानं इंजिन बंद केलं. काशी परत आली. पोर दोन वर्षांचं असावं, हलकं, नाकाला शेंबूड. आईनं हर्षदाच्या हातात दिलं तेव्हा त्यानं तिच्या डोळ्यांवरचा चष्मा गच्च धरला. तो न सोडवताच, अर्धवट आंधळी, तिनं त्याला झोळीत ठेवलं. काटा हलला, थरथरला, थांबला. हौशीनं रजिस्टर हर्षदाकडे परत दिलं आणि वाकून काट्याकडे पाहिलं.

"सात किलो तीनशे."

"लिही," गोजाबाई म्हणाली.